यंत्र म्हणालं ‘आपलं’

साडूसाहेबांच्या सेवेशी,

सप्रेम आणि सावध नमस्कार. आम्ही दोघं इथे सुखरूप आहोत. म्हणजे ही सुखरूप आहे आणि मी पाळतीवर आहे. तुमचा रक्तदाब कसा आहे? (चढला असल्यास कारण मला ठाऊक आहे, पण ते शेवटी.)

तुम्ही बँकेत जन्म काढलेले. निघताना परदेशी खरेदीवर जादा आकार न घेणारं कार्ड तुम्ही माझ्या खिशात कोंबलंत आणि बजावलंत, की यंत्राने विचारलं तर तिथल्याच चलनात पैसे भरा, आणि कार्डावर रोख काढू नका. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. फुकट सल्ला देण्यात तुमचा काय फायदा, हा विचार मी विमानात जेवण येईपर्यंत करत होतो. (जेवणही फुकट निघालं, म्हणून अर्धं सोडलं.) हिला मात्र कबूल करून बसलो होतो, की वाचलेल्या पैशांत तिच्या सुजणाऱ्या पायांना मऊ बूट घेईन.

हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईने कार्डाचं यंत्र पुढे केलं. पडद्यावर दोन चौकोन : इथलं चलन की आपलं? बाई हसून म्हणाली, इथलंच निवडा, स्वस्त पडेल. झालं! जिला माझ्याकडून पैसे घ्यायचेत, ती माझे पैसे कशाला वाचवेल? शिवाय तिचं बोलणं तुमच्या बोलण्याशी तंतोतंत जुळत होतं. तुम्हा दोघांचं साटंलोटं असल्याची माझी खात्रीच पटली. यंत्र बिचारं ‘आपलं’ म्हणत होतं. परक्या मुलखात कोणीतरी आपलं म्हणतंय, या विचाराने मला भरून आलं आणि मी तो चौकोन दाबला. पुढे जेवणाला, बसला, छत्रीला, सगळीकडे तोच.

अखेर हिने पावतीवरचा बारीक अक्षरातला दर बाहेर चलन बदलून देणाऱ्या दुकानाच्या पाटीवरच्या दराशी ताडून पाहिला. आपलेपणाचा आकार वेगळा लावला होता! “माझ्या बहिणीच्या नवऱ्यावर विश्वास नाही, आणि यंत्र गोड बोललं की विरघळलात,” ही म्हणाली. मग मी यंत्रांवरचा विश्वासच काढून घेतला आणि कार्डावर सरळ रोख काढली. नोटा खिशात गेल्यावर तुमच्या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग आठवला. (तो बहुधा जेवणाबरोबरच सोडला होता.) रोखीवर त्याच दिवसापासून व्याज चालू होतं म्हणे.

असो. घरच्यांना नमस्कार सांगा, पत्राचं कारण सांगू नका.

तुमचा,
तूर्त कोणावरही विश्वास नसलेला
साडू

ता. क. बूट घेतले. यंत्र हिने माझ्या हातातून ओढून घेतलं आणि ‘इथलं’ स्वतः दाबलं. आता ती माझ्यापुढे चालते आणि मला छत्री धरायला लावते.

आणखी ता. क. कार्डाची मर्यादा संपत आली आहे, ती थोडी वाढवून द्यावी. (पत्र खरं तर एवढ्यासाठीच.)

शेवटचं ता. क. कार्ड तुमच्याच खात्यावरचं. म्हणजे मी कुठे काय दाबलं, याचे सगळे मेसेज तुमच्या मोबाईलवर येत असणार. तरी ना तुमचा फोन, ना हिच्या बहिणीकडून एखादा टोमणा. इतकं गप्प कोण राहतं? साडूसाहेब, मला दाट संशय येतो आहे, की तुम्ही आपले आहात.