चार मजले, चार इंच

मी, श्रीमती सुशीला उत्तरेश्वर सोनकांबळे, वय वर्षे सहासष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार मैत्री अपार्टमेंट, तिसरा मजला, धायरी, पुणे, आज स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांचा दाखला लागत नाही. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. लाज मात्र आहे, आणि ती कशाची हे याच कागदात येईल. वकीलबाई कल्याणीताई म्हणतात, मृत्युपत्रात एवढं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, मरणार मी आहे ना, मग लिहू दे की.

कलम १. राहते घर. वर लिहिलेली सदनिका माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती माझ्यामागे माझा एकुलता एक मुलगा प्रज्ञेश याला मिळावी. माझे यजमान कालकथित उत्तरेश्वर यांच्या भावांचा तीत काही संबंध नाही. घर घेताना "त्या धायरीच्या रानात कशाला मरायला जाताय" असं तेच म्हणाले होते, ते त्यांनी आठवावं.

या घराच्या नकाशात बिल्डरने लिफ्ट दाखवली होती. इमारत उभी राहिली, लिफ्टसाठी खालपासून वरपर्यंत चौकोनी पोकळी सोडली गेली, आणि लिफ्ट बसवायच्या आधी बिल्डर दिसेनासा झाला. त्याला माझ्याकडून काही नाही, नमस्कारसुद्धा नाही. पोकळीत लोकांनी मोडक्या सायकली आणि फाटक्या गाद्या कोंबल्या. उत्तरेश्वर म्हणायचे, "लिफ्ट होईपर्यंत पाय आहेत की आपले." होते तोपर्यंत होते.

कलम २. चीजवस्तू. शिलाई मशीन चौथ्या मजल्यावरच्या मालनबाईंची मुलगी दीपाली हिला द्यावे. माझी पुस्तके विहारातल्या वाचनालयाला. उत्तरेश्वरांची कारखान्यातली हत्यारपेटी प्रज्ञेशला. त्यातला मोठा पाना मागायला सेक्रेटरी संभाजीराव येतील, देऊ नये. मागच्या वेळी दिलेला छोटा अजून आलेला नाही.

माझा टेलिफोन खात्यातला जुना हेडफोन प्रज्ञेशलाच. मी ट्रंक बोर्डावर, परगावचे फोन हाताने जोडून द्यायला, बसत असे. पलीकडून माणूस खोकला तरी मी गाव ओळखायचे, साहेबलोक त्यावर पैजा लावायचे. भलत्याशी भलत्याला मी कधी जोडून दिलं नाही. पुढे सगळं आपोआप जोडलं जाऊ लागलं आणि आम्हाला तक्रारींच्या टेबलावर बसवलं, तरी कानाचा तोरा काही गेला नाही. तो इथे लिहिते, कारण पुढचं कलम वाचताना तो लक्षात असलेला बरा.

कलम ३. लिफ्टची हकिगत. प्रज्ञेश हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि मित्रांबरोबर तिकडेच खोली घेऊन राहतो. गेल्या वर्षी त्याने एक जुनी जीप घेतली. सुट्टीच्या दिवशी हे सगळे मित्र डोंगरात चिखल शोधत फिरतात. रस्ता असताना रस्ता सोडून जायचं, यात काय मजा आहे ते मला अजून कळलेलं नाही. पण आठवडाभर काचेच्या खोलीत बसणारा मुलगा, असो. आमच्या घरात निव्वळ हौस म्हणून घेतलेली ती पहिली वस्तू. उत्तरेश्वरांनी उभ्या जन्मात हौस म्हणून रुमालसुद्धा घेतला नाही.

दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. त्याच्या आदल्याच फोनमध्ये मी जिन्याचं आणि गुडघ्यांचं रडगाणं गायले होते. पोरगं म्हणालं, "आई, ह्या दिवाळीला लिफ्ट बसवून टाकतोय. फायनल."

मी विचारलं, "खरंच रे?"

"हो गं. किती दिवस नुसता बघतोय. मला सांग, दोनची करू की चारची? दोनची स्वस्तात होते, पण चारची म्हणजे एकदम रुबाब."

दोनची म्हणजे काय! दुसऱ्या मजल्यावर उतरवून देणार, आणि वरच्यांनी काय उड्या मारायच्या? मी म्हटलं, "चारच कर. करायचं तर पुरतं कर."

"क्या बात है! आणि शॉक? गॅसचे घेऊ की तेलाचे?"

शॉक म्हटल्यावर मला आठवली वीज. म्हटलं, "शॉक अजिबात बसता कामा नये, आधीच सांगते. आणि गॅसबिस काही नको बाबा. तेलाचंच बघ."

तो खो खो हसला. मी तिरकं बोलते हे त्याला लहानपणापासून माहीत, त्यामुळे त्याला वाटलं आई विनोद करतेय. "तेलाचे, डन. तू म्हणशील तेच," म्हणाला आणि फोन ठेवला. आयुष्यभर लोकांचे फोन जोडले, आणि स्वतःच्या मुलाचा फोन घेतला तो असा.

त्याच संध्याकाळी मी पेढे आणले. लंगडत लंगडत प्रत्येक दाराशी गेले. "आमचा प्रज्ञेश लिफ्ट बसवतोय. स्वतःच्या कमाईतून. चारही मजल्यांची." ही वाक्यं मी किती ऐटीत म्हटली, ते आठवलं की आजही पदर तोंडावर घ्यावासा वाटतो. संभाजीरावांनी लगेच पोकळीपाशी पाटी लावली: "लिफ्टचे काम सुरू होत आहे. सायकली काढाव्यात. नंतर रडत येऊ नये." लोकांनी सायकली काढल्या. पोकळी धुतली. कोणीतरी कडेने रांगोळीसुद्धा काढली.

शेवटचं दार मालनबाईंचं. त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या, आता एकट्या असतात. खुब्याच्या दुखण्यामुळे त्यांना जिना उतरवत नाही. गॅलरीतून दोरी सोडून भाजीची पिशवी वर घेतात. कात्रजला दीपालीचं तळमजल्यावर घर आहे. तिने आईसाठी खोली रंगवून ठेवली होती, सामानाचा टेम्पो सांगितला होता. मालनबाईंनी माझा पेढा हातात घेतला आणि माझ्यासमोरच तिला फोन लावला. "टेम्पो रद्द कर गं. मी कशाला येऊ? इथे लिफ्ट येतेय. हे माझं घर आहे." मग पेढा तोंडात टाकला आणि मला म्हणाल्या, "सुशीलाबाई, मुलाने नाव काढलं हो!"

मी लाजले. त्या वेळची लाज गोड होती. पुढची तशी नाही.

कलम ४. वसुबारसेच्या दिवशी खाली हॉर्न वाजला. लिफ्टवाला घेऊन मुलगा आला म्हणून सगळी इमारत गॅलऱ्यांत. खाली प्रज्ञेश जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा. ती जीप आधी पाहिली होती त्याच्यापेक्षा उंच दिसत होती. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून गाडीचा सांगाडा चार इंच वर उचलायचा, याला म्हणे लिफ्ट म्हणतात. आणि शॉक म्हणजे खड्ड्यातला धक्का खाणारी नळकांडी, ती गॅसची किंवा तेलाची असतात. हे सगळं मला नंतर समजलं. त्या क्षणी तो मान वर करून ओरडला, "आई, बघ लिफ्ट! चार इंच! तू सांगितलीस तशी!"

मग पहिल्या मजल्यावरून कोणीतरी फिस्सकन हसलं. मी वर पाहिलं नाही. वर मालनबाई होत्या.

खाली गेले. त्याला मला फिरवून आणायचं होतं. गाडीची पायरी माझ्या गुडघ्याच्या वर आलेली. पाय उचलेना, नऊवारी असती तर टांग तरी टाकली असती. शेवटी त्याने मला काखेत धरून पोत्यासारखं उचलून आत ठेवलं, सगळ्या इमारतीच्या देखत. मला मिळालेली लिफ्ट ती एवढीच. तो इतका खुशीत होता की त्याला काही कळलं नाही. "कशी वाटते?" विचारलं. मी म्हटलं, "उंच आहे."

परत आल्यावर संभाजीरावांनी जिन्यात गाठलं. "मग? आमची लिफ्ट?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी गाडीची केली. इमारतीची पण करणारच आहे, महापालिकेची परवानगी अडकलीय." झालं. महापालिकेने बिचारीने काही केलेलं नाही, कोणी तिच्याकडे अर्जच केला नव्हता.

का बोलले? कारण खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं की माझ्या मुलाच्या मनात तुमची लिफ्ट नव्हतीच, माझे गुडघेही नव्हते, जीप होती. त्याच्या हौसेची मला लाज वाटली. आणि त्याला सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्याच दिवशी जीप विकली असती, ओळखून आहे मी त्याला. तसं झालं असतं तर त्याची हौस मोडल्याची बोचही मलाच लागली असती. म्हणून दोन्हीकडे गप्प बसले. पाटी अजून आहे. मालनबाई अजून वरच आहेत. भाजीची पिशवी माझ्या गॅलरीसमोरून खाली जाते, वर जाते. मी दिसले की वरून विचारतात, "काही कळलं का हो परवानगीचं?" मी म्हणते, "साहेब रजेवर आहेत." एवढी रजा कोणत्या साहेबाला मिळते? तरी त्या हो म्हणतात. खोटं बोलणाऱ्यापेक्षा ते ऐकून घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघणं कठीण जातं मला.

कलम ५. जीप. जीप माझी नाही, तेव्हा तिच्याविषयी हुकूम देता येत नाही, असे वकीलबाईंनी बजावले आहे. म्हणून विनंती करते. प्रज्ञेश, तूच मागे बोलून गेलास: चार इंचांमुळे गाडी वळणावर डोलते, जोरात असली की स्टिअरिंग भरकटतं, लांबच्या खडकाळ वाटेवर तेलाचे शॉक तापून मऊ पडतात. मित्र म्हणाले होते दोन इंच आणि गॅसचे शॉक पुरे. "पण तू म्हणालीस चार, मग चार," असं म्हणून हसलास. बाळा, मी मजले मोजत होते रे. माझ्या शब्दावर तू गाडी उचललीस आणि या पावसाळ्यात दर सुट्टीला घाटात घेऊन जातोस, मी इकडे फोनपाशी बसून असते. ती दोनवर आण. शॉक तुझ्या मित्रांना विचारून घे. मला ज्यातलं कळत नाही त्यात मला विचारू नकोस, आणि मी सांगितलं तरी ऐकू नकोस.

कलम ६. शिल्लक. माझी पोस्टातली व बँकेतली सर्व शिल्लक प्रज्ञेशला न देता इमारतीच्या पोकळीत खरी लिफ्ट बसवण्यासाठी पहिला वाटा म्हणून द्यावी. उरलेले रहिवाशांनी घालावे. लिफ्टवर माझे नाव नको. संभाजीरावांची पाटी तोपर्यंत काढून ठेवावी.

कलम ७. साक्षीदार. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही होताना पाहिली की झालं. मला ते सोयीचं होतं. पण साक्षीदार मी मालनबाईंना निवडलंय. आज मी जिना चढून वर जाणार, हे सगळं त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आणि मगच सही करणार. दारातून परत फिरले तर वकीलबाईंनी हा कागद फाडावा, मग तो माझा नव्हे.

येणेप्रमाणे लिहिले ते समजून उमजून लिहिले.

स्थळ: मैत्री अपार्टमेंट, चौथा मजला, धायरी, पुणे
दिनांक: १९ ऑगस्ट २००७

सही: सुशीला उत्तरेश्वर सोनकांबळे

साक्षीदार: ॲड. कल्याणी वैराट (सही)

साक्षीदार: मालन बजरंग शितोळे (सही)
माझा शेरा, माझ्याच अक्षरात: सुशीलाबाईंनी सर्व मजकूर मला वाचून दाखवला व माझ्यासमोर सही केली. मधे आवाज बसला तेव्हा मी पाणी दिले. लिफ्ट येणार नाही हे मला आज कळले. राग आला आहे. त्याचा सहीशी संबंध नाही. कलम ६ मला चालणार नाही. लिफ्टसाठी मी कोणाच्या मरणाची वाट बघत बसणार नाही. दीपालीला आत्ताच फोन केला, येत्या रविवारी कात्रजला जाते. मला खुर्चीत बसवून खाली उतरवायला प्रज्ञेशने मित्र आणावेत, आणि न्यायला तीच जीप आणावी. या इमारतीत लिफ्ट म्हणून जे काही आले, त्यात मला एकदा बसायचे आहे. का, ते त्याला सुशीलाबाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगावे, मेल्यावर कागदाने नव्हे. चढताना मला पाट लागेल. पाट सुशीलाबाईंनी धरावा.