दहा फूट तीन इंच

३ जानेवारी, शुक्रवार

हरलो. ३१–५८. नव्या वर्षात तरी काही बदलेल म्हणून नवी वही काढली, तर पहिल्याच पानावर हे!

आमच्या कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉल संघ या हंगामात सहा सामने खेळलाय आणि सहाही हरलाय. गेल्या वर्षीही एक जिंकला नव्हता. आज बघायला अकरा जण होते. त्यातले तीन पुढच्या तासाची वाट बघत बसलेले आणि एक चक्क झोपलेला. ओरडणारी मी एकटी! डब्याचं झाकण बडवून बडवून बोटं लाल झालीत.

ताई कॅप्टन आहे. ताई म्हणजे मावशीची मुलगी. माझ्याहून वर्षानं मोठी, कॉलेजसाठी आमच्याकडे राहते, आणि माझी अर्धी खोली, अर्धं कपाट आणि आईचं अर्ध्याहून जास्त लक्ष खाते. घरी येताना रस्ताभर एक अक्षर बोलली नाही. मी म्हटलं, "पळता मात्र छान हं तुम्ही." तिनं नुसतं बघितलं. मग मी पण गप्प. मी गप्प बसणं म्हणजे केवढी गोष्ट, हे या घरात कुणाला कळत नाही.

५ जानेवारी, रविवार

डोकं जरा थंड झालंय. खरं सांगायचं तर आमच्या पोरी वाईट नाहीत. जीव तोडून पळतात, अडवतात, चेंडू हिसकावून आणतात. आमची ताडमाड 'लांबी' (टोपणनावं सगळी मीच ठेवलीत) समोर उभी राहिली की भल्याभल्यांची वाट बंद. पण बास्केट टाकायची वेळ आली की सगळं मुसळ केरात! 'घाई' कुणी मागे लागल्यासारखी चेंडू भिरकावते. आणि 'सॉरी' — तिचं खरं नाव बहुतेक तिच्या आईलाच माहीत असेल — चेंडू हातातून सुटायच्या आधीच "सॉरी" म्हणते. अगं बाई, आधी टाक तरी!

आणि आमचे सर. सर मुळात ग्रंथपाल. तरुणपणी खेळायचे, एवढ्यावरून संघ त्यांच्या गळ्यात पडला. माणूस सोन्यासारखा, पण आयुष्य वाचनालयात गेलेलं. टाइम-आउटमध्येसुद्धा कुजबुजतात! पोरी कान देऊन वाकून उभ्या राहतात. सामना हरला की म्हणतात, "प्रयत्न चांगला होता, मुलींनो." तेही कुजबुजून.

८ जानेवारी, बुधवार

प्राचार्य बाईंनी सरांना आणि ताईला बोलावून घेतलं. हंगाम संपेपर्यंत एक सामना जिंका. एक! नाहीतर पुढच्या वर्षी संघ बंद, आणि हॉलमध्ये परीक्षेची बाकं ठेवायची.

चार सामने उरलेत.

ताई हसत हसत सांगत होती. पण सांगताना बुटाची नाडी तिनं तीनदा सोडून बांधली. मला रडू आलं. रागाचं रडू. बाकं म्हणे!

९ जानेवारी, गुरुवार

आई म्हणते, "खेळते ती आणि घसा बसतो तुझा. हा कुठला न्याय?" गरम पाणी पिते आहे. उत्तर द्यायला आवाजच नाही, तिचं फावलं.

११ जानेवारी, शनिवार

हरलो. ४०–५२, तेही आमच्या हॉलमध्ये. आता तीन उरले, तिन्ही बाहेर.

आज झाकण बडवलं नाही. मांडीवर वही घेऊन बसले आणि आमच्या पोरींचा प्रत्येक चुकलेला चेंडू कुठे आपटतो ते लिहीत गेले. एकतीस चुकले. त्यातले चोवीस रिंगच्या पुढच्याच कडेला! मागे एकही जात नाही, वरून एकही जात नाही. उरलेले सात तर रिंगपर्यंत पोचलेच नाहीत. सगळे थोडक्यात कमी पडतात. सरांना दाखवलं तर म्हणाले, "वा, अक्षर सुंदर आहे तुझं."

ताई जेवली नाही. आईनं ब्रेडला जॅम लावून खोलीत आणून ठेवला. अर्ध्या तासानं तो मी खाल्ला. वाया कशाला घालवायचा?

१४ जानेवारी, मंगळवार

सुचलं! सुचलं!!

संध्याकाळी बाबांच्या दुकानात बसले होते, काजं करत. (घर वर, दुकान खाली. शिंप्याची पोर म्हणून काजं मला झोपेतही येतात.) एक गृहस्थ पँट घेऊन आले. दुसरीकडे शिवलेली, घोट्याच्या वर आलेली. तावातावानं बोलत होते. बाबांनी शांतपणे विचारलं, "माप कुणी घेतलं होतं?" ते म्हणाले, "माप कशाला? जुनी पँट दिली होती, तिच्यावरून शिवली." बाबा म्हणाले, "मग पँटवर कशाला रागावता?"

हातातली सुई तशीच थांबली. आमच्या रिंगचं माप कुणी घेतलंय?

पोरी बिचाऱ्या सरावात रोज तीनशे चेंडू टाकतात. रिंगच जर चुकीच्या उंचीवर असेल तर हातांना वळणच चुकीचं लागलेलं! उद्या तास बुडवते.

१५ जानेवारी, बुधवार

आधी हॉलवाल्या काकांना गाठलं. हॉल झाडणं, दिवे, जाळ्या, किल्ल्या — सगळं तेच बघतात. म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी भिंतींना रंग दिला तेव्हा बोर्ड उतरवले होते. परत मीच बसवले."

"मोजून?"

"अंदाजानं. माझा अंदाज चुकत नाही."

मी त्यांना शिडीवर चढवलं. बाबांच्या खणातली टेप आणि दोऱ्याचं रीळ नेलं होतं. रिंगला दोरा बांधून रीळ खाली सोडलं, जमिनीला टेकलं तिथे दोरा कापला, आणि मग दोरा सरळ पसरून टेपनं मोजला. टेप साठ इंची, म्हणून तीनदा लावावी लागली. साठ. पुन्हा साठ. आणि वर तीन.

एकशे तेवीस! नियमाप्रमाणे रिंग दहा फुटांवर हवी, म्हणजे एकशे वीस इंच. तीन इंच वर! दुसरी रिंग मोजली. तीही तीन इंच वर!!

काका शिडीवरूनच म्हणाले, "आता काय सांगू. गडबडीचे दिवस होते ते."

धावत वाचनालयात गेले आणि ओरडले. सगळ्यांनी माना वर केल्या. सर हॉलमध्ये आले, मागोमाग ताई आणि संघातल्या पोरीही. सरांनी चष्मा पुसला, गुडघ्यावर बसून त्याच टेपनं दोरा स्वतः मोजला. साठ, साठ, तीन. मग सर म्हणाले, "दोन वर्षं, मुलींनो. दोन वर्षं." आवाज मोठा नव्हता, पण कुजबूजही नव्हती.

ताईनं मला उचललं! अक्षरशः उचललं आणि गोल फिरवलं. सॉरी रडायला लागली आणि रडत रडत म्हणाली, "मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे." मीही रडले. या वेळी रागानं नाही.

घरी सांगितलं तर आई म्हणते, "पण मग बाहेरून येणाऱ्या पोरींची कशी पडते त्याच रिंगमध्ये?" आईला खेळातलं काय कळतं!

१८ जानेवारी, शनिवार

बोल्ट गंजले होते. काकांनी दोन दिवस तेल सोडलं, आज चौघींनी मिळून बोर्ड खाली घेतले. बरोब्बर तीन इंच, बोर्डाच्या खांबावर खडूनं खूण करून. लांबीनं शिडी धरली — खरं तर तिला शिडीची गरज नव्हती.

पहिला चेंडू ताईनं टाकला. आत! कडेलाही न शिवता. दुसरा घाईनं. आत! घाईला इतकं आश्चर्य वाटलं की ती पहिल्यांदाच एका जागी उभी राहिली.

२२ जानेवारी, बुधवार

पोरी ओळखू येत नाहीत. सरावाला हसत येतात. सर पुस्तकं सोडून लवकर येतात. आज सॉरीनं सलग सात टाकले आणि सातव्याला म्हणाली, "घ्या!" कुणाला म्हणाली कळलं नाही, पण मला फार बरं वाटलं.

२५ जानेवारी, शनिवार

हरलो, पण ४४–४६! दोन गुणांनी! एखाद्याला वाटेल हरल्यावर एवढं काय नाचायचं. त्यानं ३१–५८ बघितलेलं नाही.

येताना बसमध्ये पोरी गात होत्या. ताई खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "जमेल गं."

१ फेब्रुवारी, शनिवार

हरलो. ३८–५५. समोरचा संघ या वर्षी एकदाही हरलेला नाही हे मान्य. तरीपण!

ताईनं बूट काढून पलंगाखाली भिरकावले. म्हणाली, "आता रिंगही बरोबर आहे. आता कुणाच्या नावानं खडे फोडायचे?" मग म्हणाली, पुढचा एक सामना खेळते आणि बाईंना स्वतःच जाऊन सांगते, लावा तुमची बाकं.

मला नाही सहन झालं. म्हटलं, "दोन वर्षं चुकीच्या मापावर खेळलात तुम्ही. दोन आठवड्यांत हात वळतो का? बाबांना विचार, वाकडी शिवण उसवायला नव्या शिवणीपेक्षा जास्त वेळ लागतो. तुमचा नेम चांगलाच आहे. आहेच! मी बघितलाय ना, रोज बघते!" हे सगळं मी एवढ्या मोठ्यानं बोलले की खालून बाबांनी मशीन थांबवून विचारलं, कोण पडलं?

ताईनं पलंगाखालून बूट काढले. रागावूनच काढले, पण काढले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घसा पूर्ण बसला. आवाज शून्य! शेवटचा सामना परवा, आणि माझ्या तोंडून नुसती हवा. नशीब बघा.

८ फेब्रुवारी, शनिवार

जिंकलो!!!! ५१–४५!!!!

उद्या लिहिते.

९ फेब्रुवारी, रविवार

आता नीट लिहिते.

त्यांच्या हॉलमध्ये त्यांची दोनशे माणसं, दोन ढोल आणि एक भोंगा. आमच्या बाजूला मी, मुकी. आई आणि बाबा! बाबांनी दुकान बंद ठेवलं होतं. आईला वाटत होतं की चेंडू रिंगला लागला तरी गुण मिळतो, त्यामुळे अर्धा सामना तिच्या हिशेबानं आम्हीच पुढे होतो.

मध्यंतराला सहा गुणांनी मागे. ताईच्या चेहऱ्यावर ते जुनं सावट आलं. मला ओरडायचं होतं आणि ओरडता येईना. आणि मग — मी स्वतःच्या कानांनी ऐकलं — सर ओरडले! "टाका! कशाला घाबरता? टाका!!" आमचे सर! पोरी दचकल्या. पंचसुद्धा वळून बघायला लागले.

मग ताईनं टाकायला सुरुवात केली. जिथून मिळेल तिथून. एक, दोन, तीन. घाईनं आधी पास दिला आणि मग पळाली, म्हणजे तिच्या मानानं चमत्कारच. सॉरीनं कोपऱ्यातून दोन टाकले. शेवटच्या मिनिटाला तर काही मजाच नव्हती, समोरच्यांनी हात टेकले होते. मी कधी इतकं सुंदर कंटाळवाणं मिनिट बघितलं नव्हतं.

आई उठून उभी राहिली आणि ढोलवाल्याला म्हणाली, "आता वाजवा की!"

१० फेब्रुवारी, सोमवार

प्राचार्य बाईंनी सगळ्या संघाला चहा दिला. संघ राहणार. बाकं जिन्याखाली जाणार. ताई बाईंना म्हणाली, "सगळं श्रेय हिला. हिनं रिंग मोजली नसती तर आम्ही अजून हरत बसलो असतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी लाजले, असं आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाबा संध्याकाळपासून त्यांची जुनी टेप शोधत होते. मी दप्तरातून काढून दिली. म्हणाले, "ही कशाला नेली होतीस? हिचं टोक विरलं म्हणून पहिला इंच कापून पितळी पट्टी परत बसवलीये मी. ही एकपासून सुरू होते. मी लावतो तेव्हा दर वेळी मनात एक वजा करतो. दुसऱ्या कुणाला चालायची नाही ही."

दर वेळी एक. मी तीनदा लावली होती.

म्हणजे रिंग दहा फुटांवरच होती. पहिल्यापासून! आणि आम्ही ती खाली आणून ठेवली.

टेप घेऊन तशीच वर गेले आणि ताईला सगळं सांगितलं. लपवणं मला जमलंच नसतं. ती पलंगावर बसली आणि टेपचं पितळी टोक नखानं खरवडून बघायला लागली.

"म्हणजे दोन वर्षं आम्ही नुसत्याच वाईट खेळत होतो?"

"हो."

"आणि शनिवारची रिंग?"

"ती त्यांच्या हॉलमधली. तिला मी हात नाही लावला, शप्पथ."

ताई हळूहळू उभी राहिली.

"अगं," ती म्हणाली, "म्हणजे शनिवारी आम्हीच जिंकलो!"