यादीत खंडू नाही

११ फेब्रुवारी, मंगळवार

खंडूला नेला. साध्या कपड्यातले चौघे, पांढरी गाडी. कुठल्या ठाण्याचे — काय माहीत!

मी समोरच्या टपरीमागून बघत होतो. त्याच्या अंगात शर्ट नव्हता. शर्ट त्याने श्यामसुंदरच्या डोक्याला बांधलेला. मूर्ख साला! निघताना मी ओरडलो होतो, पळ! तर हा खाली बसला आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दहा मिनिटांपूर्वी ज्याने याचा कान फिरत्या बफला लावला, त्याचं डोकं!

बफ म्हणजे नळांना पॉलिश मारायचं चाक. पितळ चमकवतं ते, कानाचं काय ठेवणार? खंडूने मशीन बंद केलं, बस, एवढंच. श्यामसुंदर आमच्या साकीनाक्याच्या वर्कशॉपचा सुपरवायझर. म्हणाला, "सांगितलेलं ऐकू येत नाय ना तुला? थांब, कान साफ करतो." मान पकडून दाबला. अर्धा कान गेला. रक्त नळांवर उडालं. श्यामसुंदर हसत होता — हसत!

मग पाईप. तीन वेळा. शहाळं फोडतात ना, तसा आवाज. कोणी मारला ते इथे लिहीत नाही. वही कोणाच्या हाती लागली तर वाट लागेल.

पाईप नाल्यात गेला.

१२ फेब्रुवारी

खोलीवर गेलो नाही. खंडूचा फोन बंद. साकीनाक्याच्या आसपास पोलीस दिसला की रस्ता बदलतो.

दुपारी भांडुपला, ओळखीच्या शर्मिष्ठाच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिला अर्धंच सांगितलं — मित्राला उचलला, कुठे ठेवलाय कळत नाही. ती म्हणाली, "अरे, पोलिसांच्या साइटवर अटक झालेल्यांची नावं टाकतात. तारखेवार. कोणीपण बघू शकतं."

"आणि नाव असलं तर?"

"तर बरंच आहे की! कागदावर आला म्हणजे चोवीस तासांत कोर्टात उभा करावा लागतो. नसला तर रड. आम्ही आणलाच नाही म्हणतात. मग बडवा किती बडवायचा तो. माझ्या भावाचं तेच केलं ना. चौथ्या दिवशी घरी आला तो भिंत धरत."

म्हणजे नाव हवं. एवढी वर्षं पोलिसांच्या वहीत नाव नको म्हणून जपलं. आणि आज देवाला सांगतोय, त्याचं नाव येऊ दे.

आज साइट उघडतच नव्हती.

१३ फेब्रुवारी

उघडली! शोधायच्या चौकोनात खंडू परब टाकलं — शून्य. परत टाकलं. शून्य. मग शर्मिष्ठाने अकरा तारखेची अख्ख्या मुंबईची यादी काढली आणि वाचत बसली. केवढी माणसं उचलतात रे एका दिवसात! मी मध्येच लॅमिनेशनचं मशीन बघत बसलो. ती खेकसली, "मित्र तुझा आहे ना? इकडे लक्ष दे!"

पाचव्या का सहाव्या पानावर ती थांबली. "धोंडिराम परब, भांडुप. वय सत्तावीस. तुझा पण परबच ना?"

"आमचा खंडू परब. चोवीसचा आहे तो. भांडुपात दगड भिरकाव, परबालाच लागेल."

"धोंडिराम! आणि सत्तावीस वर्षांचा! हा जन्मला तेव्हाच आजोबा असणार."

दोघं पोट धरून हसलो. दोन दिवसांत पहिल्यांदा. पुढे वाचलं. संपली यादी.

खंडू नाही.

१४ फेब्रुवारी

नाही.

डोकं फिरलं म्हणून चालत सुटलो, जुहूला पोचलो. किनाऱ्यावर एक माणूस उंटाला काठीने मारत होता. उंट हलत नव्हता, डोळे मिटून उभा. मी बघत बसलो, किती वेळ ते कळलं नाही. मग त्या माणसाची काठी खेचली आणि त्याच्याच पायावर घातली. एकदा. दुसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा तो म्हणाला, "भाई, बस, बस!" — आणि मला श्यामसुंदर आठवला. दुसऱ्या फटक्याआधी तोपण बस म्हणाला होता.

काठी समुद्रात फेकली. उंट तरी जागचा हलला नाही.

१५ फेब्रुवारी

नाही. अकरा, बारा, तेरा, चौदा — चारही दिवसांच्या याद्या. नाही.

वर्कशॉपमधला राजेश भेटला. श्यामसुंदर बेशुद्ध आहे, नळ्या लावल्यात. नळांवरचं रक्त पुसून माल गेला म्हणे त्याच संध्याकाळी.

खंडूला आता कुठे टांगला असेल?

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहवत नाही. पण लिहितो.

आज गावाला फोन केला, शेवंतीकाकीला. खंडूची आई. इतके दिवस टाळत होतो. विचारलं, खंडूचा फोन आला होता का? ती म्हणाली, "कोण खंडू?"

मी म्हटलं, काकी, तुमचा खंडू!

"तो मुंबैत खंडू झालो. शाळेत पोरां चिडवायची म्हणान. तेचा नाव धोंडिराम. तेच्या आदी दोन झील गेले माजे, पाळण्यातच. म्हणान ह्येचा नाव मी धोंडो ठेवलंय. धोंड्याक कोण नेतला रे बाबा?"

आमच्याकडे ठेवतात अशी नावं. पोरं जगत नसली की पुढच्याला दगड म्हणायचं, केर म्हणायचं, म्हणजे वरच्याची नजर पडत नाही. माझ्या चुलत्याचं नाव केरबा होतं! मला माहीत होतं हे सगळं. दोन वर्षं एका खोलीत झोपलो, एका ताटात जेवलो, आणि कागदावरचं नाव कधी विचारलं नाही. वयसुद्धा त्याने सांगितलं तेच धरलं.

काकीला काय सांगू? म्हटलं, बरा आहे. फोन बिघडलाय.

पळत शर्मिष्ठाकडे. रविवार, दुकान बंद. घरी जाऊन उठवली. ती ओळखीच्या वकिलाशी बोलली. अकरालाच अटक दाखवली होती. बाराला कोर्टात उभा केला. त्याच्या बाजूने एक माणूस नाही. ना वकील, ना मी. पोलिसांनी सतरापर्यंत कोठडी मागितली, मिळाली.

तेराला आम्ही त्याच्या नावाला हसत होतो. तेव्हा तो आत मार खात होता.

शर्मिष्ठा म्हणाली, "तुझा काय दोष? मी पण हसले." आणि रडायला लागली. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "नितेश, तो तिथे एकटाच होता का रे?"

मी चप्पल घातली आणि निघालो.

१७ फेब्रुवारी

कोर्टाच्या व्हरांड्यात बघितला. टाचेवर चालत होता, पाऊल पूर्ण टेकत नव्हता. कानाला पट्टी, पिवळी पडलेली. उजव्या हाताची दोन नखं नाहीत. अंगात कोणाचा तरी मोठा शर्ट.

"खंडू!" — मान वळवली नाही.

"धोंडिराम!"

वळला. बरोबरचा हवालदार पण वळला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हा कोण रे? तुझ्यासोबतचा?"

खंडू बघत राहिला. ओठ फुटलेला, एक डोळा बंद. दुसऱ्या डोळ्याने बघितलं, खूप वेळ.

"नाय साहेब. ह्येका मी कधी बघूक नाय."

आत नेला त्याला. बाहेर उरलेला शिपाई सिगरेट पेटवत कोणाला तरी सांगत होता, "सहा दिवस झोडला. दुसरा होता एवढं कबूल करतो, नाव सांगत नाही. आपले हात दुखले."

वकील उभा होता आज. कोठडी वाढली नाही, जेलमध्ये पाठवला. वकील म्हणाला, श्यामसुंदर शुद्धीवर आला आणि खरं बोलला तर हा सुटेल.

मी दिवसभर तेच धरून बसलो. शुद्धीवर येईल. तो सांगेल. मग मला सांगावं लागणार नाही.

१८ फेब्रुवारी

राजेशचा मेसेज. श्यामसुंदर गेला. सकाळी सहाला.

आता खुनाचं कलम लागणार. आणि सांगणारं कोणी उरलं नाही.

नितेश चंद्रप्रकाश घाडी. वय २३. राहणार भांडुप. कागदावर पण हेच नाव. पाईप मी मारला. तिन्ही वेळा.

पोलीस ठाण्यात निघतोय. वही बरोबर घेतली. एकही पान फाडलेलं नाही.