आईने क्षमा केली

सुंदराकाकी,

शाळकरी पोराच्या मोटारसायकलखाली तुझी लेक अपेक्षा गेली, तेव्हा माझ्या संशोधनासाठी मीच तुला दासगावात त्याच्यासमोर बसवलं. त्याने हात जोडले. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "माफ नाय केला गो. तुझ्यासाठी गप बसलंय."

बालगुन्हेगारांवरच्या माझ्या प्रबंधात मी लिहिलं, 'आईने क्षमा केली.' त्यावर डॉक्टरेट मिळाली, प्राध्यापकीही.

काल महाडच्या सत्कारात कुणीतरी तेच वाक्य वाचलं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून उठून तू निघून गेलीस. मी मात्र शाल सावरत भाषण पूर्ण केलं. माझी मलाच किळस येते.

खरं काय घडलं ते विद्यापीठाला आज लिहून पाठवलं. तुला हे पत्र पाठवायला मात्र तोंड नाही.

तुझी पुतणी,
अनुपमा