लंकेतली तिसरी जागा

बाबा, तुझी नात काय काम करते ते तुला कसं सांगू, मला अजून सुचत नाही. ती लंकेत असते. समुद्रात फळीवर उभी राहून लाटेबरोबर किनाऱ्याला येते, आणि परदेशी पाहुण्यांनाही तसंच यायला शिकवते. त्याला सर्फिंग म्हणतात. पोट भरतं तिचं त्यावर, हसू नको. तू असतास तर म्हणाला असतास, "किनाऱ्यालाच यायचं तर गेलीस कशाला?" मीही तेच म्हटलं होतं. बोईसरच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला इतकी वर्षं उभी राहिले, ते काय पोरीनं पाण्यात जीव धोक्यात घालावा म्हणून? असंही सुनावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला विमानाचं तिकीट पाठवलं.

"आई, माझ्या तीन लाडक्या जागा दाखवते तुला," म्हणाली. पहिली नवशिक्यांची. उथळ वाळू, लाट दमून भागून येते, माणसं पडतात आणि खिदळतात. मी नारळपाणी पीत बसले. दुसरीकडे लाट सारखी एकाच ठिकाणी फुटत होती. मी म्हटलं, "खाली खडक आहे तिथं." ती बघतच राहिली. "तुला कसं कळलं?" अगं, सातपाटीच्या कोळ्याची पोर मी, पाण्याचा रंग बघून एवढंही कळू नये? मग काय, तिच्या मैत्रिणींत माझा भाव वधारला. आईला समुद्र वाचता येतो म्हणे! यायचा तो तुला, बाबा, पण भाव मी खाल्ला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिसरी जागा. डावीकडे लाटा फुटतायत, उजवीकडे फुटतायत, आणि मधे रस्त्याएवढा पट्टा अगदी गप्प. पोरगी फळी काखेत मारून सरळ त्या गप्प पाण्यात शिरली. मी ताडकन उठले.

चिंचणी आठवते तुला? मी अकरा वर्षांची. मावशीकडे राहायला आलेय आणि फुटक्या होडीची फळी पोटाखाली घेऊन लाटांवर सरकतेय. दमल्यावर मी शांत पाण्यात जाते, तिथं लाटांचा मार नाही म्हणून. आणि ते पाणी मला आत न्यायला लागतं. मी पाय मारते, किनारा लांबच जातो. तू त्याच दिवशी मला न्यायला आलेला असतोस. कपड्यांनिशी पाण्यात शिरतोस, मला धरतोस, किनाऱ्याकडे न ओढता आडवं, बाजूला ओढतोस, मग लाटच आपल्या दोघांना वाळूवर आणून टाकते. आणि तिथंच, मावशीच्या सगळ्या आळीसमोर, माझ्या कानाखाली काडकन! "लाट फुटत नाय तिथं दर्या आत खेचतो. तिथून होडी काढायची, माणसानं नाय जायचं!" मग एसटीत घालून सातपाटीला घेऊन आलास. मी धरून चालले की पोरीची जात असून पाण्यात गेले, चारचौघांत तुझी मान खाली गेली, म्हणून मारलंस. फार राग होता मला तुझा. तू गेलास तेव्हाही होता.

तर लंकेत मी बोंब ठोकली. "आडवी जा! अगं आडवी जा!" दोन कोळी जाळं साफ करत बसले होते. त्यांची भाषा मला येत नाही, पण बोट दाखवलं, छाती पिटली, तसे ते बिचारे होडी ढकलून निघाले. थोड्या वेळानं होडी रिकामीच परत आली. दोघे हसून हसून बेजार, आणि त्यांच्या मागून माझी लेक लाटेवर उभी राहून आली, राणीसारखी. "आई, आम्ही मुद्दाम तिथूनच जातो! लाटांशी मारामारी करावी लागत नाही, पाणीच लाटांच्या पलीकडे नेऊन सोडतं. होड्या नाही का निघत तशाच?" निघतात की! तूच सांगितलं होतंस, ऐन वेळी मला अर्धंच आठवलं.

मग मी काय केलं असेल? थोबाडीत ठेवून दिली. अठ्ठावीस वर्षांच्या बाईला, तिच्या विद्यार्थ्यांसमोर. आणि लगेच तिला मिठी मारून हमसून हमसून रडले. मान-बिन काही खाली गेली नव्हती रे माझी. ती धडधाकट समोर उभी होती आणि हाताला दुसरं काही सुचलंच नाही. तेव्हा तुझा हात कळला मला. इतकं हलकं वाटलं, काय सांगू! त्या दिवशी मी तीन वेळा भात घेतला.

तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे कुठे धाडायचं नाहीच. पण एक राहिलं. जेवताना लेकीनं विचारलं, "तू समुद्राकाठची, मग पोहायला का नाही शिकलीस?" मी म्हटलं, "माझ्या बापानं पाण्यात पाय टाकू दिला नाही." सासरी, कारखान्यात, सगळीकडे हेच सांगत आलेय. पण चिंचणीनंतर महिनाभरानं तू मला उठवायला आला होतास. "चल, पवायला शिकवतो," म्हणालास. मी पोट दुखतंय म्हणून पडून राहिले. तू दाराशी थोडा वेळ थांबलास आणि गेलास. पुन्हा विचारलं नाहीस.

माझं पोट दुखत नव्हतं, बाबा.