उसनं बोट

३ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर स्पष्टच बोलले. मोतीबिंदू पिकलाय, पण उपाशीपोटीची शुगर दीडशेच्या आत आल्याशिवाय ऑपरेशन नाही. पंचवीसला घरचं शुगर मोजायचं मशीन घेऊन या, मेमरीतले आकडे बघू. आजचा आकडा दोनशे बारा.
भरपूर वेळ आहे. घड्याळजीला वेळेचं काय सांगता? उद्यापासून फिरणं. गोड बंद.
परवा दुकानात घड्याळाचा स्क्रू खाली पडला. गुडघ्यांवर बसून चाचपडत शोधला. गिऱ्हाईक बघत होतं. त्याबद्दल लिहायचं नाही.

५ मार्च
निघालो होतो. बूट चावतात.
शेजारच्या छपाईवाल्याला मुलगी झाली. केक आणला. नाही म्हणणं माणुसकीला धरून नव्हतं. दुसरा तुकडा मुलीच्या नावाने.

९ मार्च, सकाळी
दोनशे सहा. सुधारणा!
बायकोचा हेवा वाटतो. काही न करता वजन उतरतंय, कपडे सैल झालेत. काहींची प्रकृतीच चांगली. मात्र रात्री सारखी पाणी प्यायला उठते आणि माझी झोपमोड करते. झोप कमी झाली की शुगर वाढते असं वाचलंय. म्हणजे दोष कुणाचा, ते उघड आहे.

१४ मार्च
दोनशे वीस. मग डोकं चाललं. रक्त कुणाचं, हे मशीनला थोडंच कळतं?
हिला म्हटलं, मशीन तपासायचंय, बोट दे. म्हणाली, इतकी वर्षं रक्त पीतच आलात, आता काढूनही घ्या. फक्त अंगठा नको. डबा उघडताना कापलाय, कधीचा भरतच नाही. निष्काळजी आहे. नवी सुई लावून करंगळी टोचली. भिंग लावून आकडा वाचला. दोनशे ब्याऐंशी.
मशीन बिघडलंय.

१५ मार्च
नव्या स्ट्रिप्स आणल्या. माझे दोनशे चौदा. हिचे दोनशे नव्वद.
म्हणजे मशीन माझ्यासाठी बरोबर, हिच्यासाठी चूक. होतं असं. काही घड्याळं एकाच्याच मनगटावर मागे पडतात. दोष सापडला नाही की गिऱ्हाइकांना मी हेच सांगतो.

१६ मार्च
दुकानात काम झालं नाही. माझा आजार निघाला तेव्हा दवाखान्यातून माहितीपत्रक दिलं होतं. आज पहिल्यांदा वाचलं. फार तहान लागणं. वजन उतरणं. जखम न भरणं.
पुन्हा वाचलं.
हिला सांगायचं तर बोट कशाला मागितलं, तेही सांगावं लागणार. उद्या सांगतो.

१७ मार्च
सांगितलं नाही. ही भरदुपारी झोपली. कधी झोपत नाही. शेजारी बसून श्वास ऐकत राहिलो. मला भीती वाटतेय. ऑपरेशनची नाही.

१८ मार्च
सांगितलं. आधी मशीनचा दोष, मग स्ट्रिप्सचा, शेवटी सगळं. ती म्हणाली, म्हणजे माझ्या जिवावर पास होणार होतात.
लगेच दवाखान्यात गेलो. तिथल्या तपासणीत तीनशेच्या वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात, पण लक्षात कुणाच्या आलं? ही म्हणाली, यांच्या. मी भिंतीवरचं घड्याळ बघत बसलो. ते बंद होतं.

२५ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरांनी मेमरी पाहिली आणि मशीन परत दिलं. ऑपरेशन पुढे ढकललं. हिचे दोन आकडे काढूनही नापासच होतो.

२६ मार्च, सकाळी
माझे एकशे अठ्ठ्याण्णव. हिला सुईची भीती, म्हणून मी टोचायचं ठरलंय. हिने विचारलं, आता कुणाचं बोट मागणार?
उद्यापासून फिरायला, असं लिहायला बसलो. ही बूट घालून दारात उभी आहे. म्हटलं, माझे सापडत नाहीत. तिने ते पायांपाशी आणून ठेवलेत.