ओट्यावर बसवलेले भाऊजी

बुधवार, संध्याकाळ

भाऊजींनी सकाळी ग्रामसभेत माझं हसं केलं, म्हणून लिहिते आहे. गावात महिन्यातून एकदा मनाच्या आजारांचा डॉक्टर यावा, खर्च सरकारने करावा, एवढाच माझा ठराव. भाऊजी उठून म्हणाले, "पागलपणावर सरकारचा पैसा काऊन उडवता? एक वहिनीचा सुहास हाय, त्याले घरीच बांधून ठेवजा." सगळे हसले. एकही हात वर झाला नाही. माझ्या मुलाचं नाव, भर सभेत.

आणि दिवेलागणीला हेच भाऊजी मागच्या दाराशी. त्यांची सून बाळंतपणापासून झोपत नाही, लेकराला जवळ घेत नाही. "सुहासले दाखवता तो डॉक्टर सांगा ना वहिनी. हळू बोला."

हळू? म्हटलं, पुढून या. डेअरीत दूध घालायला जाणाऱ्या सगळ्यांसमोर ओट्यावर बसवलं. सुनेचं नाव न काढता मोठ्याने विचारलं, "सरकारी डॉक्टर गावात पाहिजे का नको?"

"पाहिजे."

"ऐकू नाही आलं."

पुन्हा म्हणायला लावलं. या वेळी कुणी हसलं नाही. मला बरं वाटलं. वाटू नये का? वाटलं.

सुनेसाठी दिलं: वर्ध्याच्या डॉक्टरांचा पत्ता आणि सुहासचा उद्याचा तपासणीचा नंबर. भाऊजींना चहा दिला नाही.